पिकअपचे इंजिन ऑइल व ब्रेक ऑइल घरी बदलणे

मालवाहू पिकअपच्या मालकाने किंवा चालकाने गॅरेजमध्ये न जाता ठरावीक मुदतीने इंजिनातले जुने वंगण काढून नवे भरणे, आणि ब्रेकच्या नळ्यांतले ब्रेक ऑइल काढून ताजे भरणे. पहिल्या कामाला दोन-तीन पाने, एक पसरट भांडे आणि तासाभराची सवड पुरते. दुसऱ्याला मदतनीस लागतो, शिवाय त्यातली चूक घाट उतरताना कळते. बहुतेक मालक पहिले काम किलोमीटर मोजून करतात आणि दुसरे वर्षानुवर्षे राहून जाते, कारण ब्रेक ऑइल खराब झाले तरी सपाट रस्त्यावर पेडल नेहमीसारखेच लागते. धोका मात्र दुसऱ्यातच जास्त आहे, म्हणून या नोंदीत त्याला अधिक जागा दिली आहे.

पिकअप हा प्रकार फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये मॉडेल टी मोटारीला मागे हौदा बसवून कारखान्यातूनच विकायला सुरुवात केल्यावर रुळला. भारतात टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) १९८८ मध्ये टाटामोबिल आणली. पुढे टाटा २०७ आणि महिंद्राची बोलेरो पिकअप गावोगाव दिसू लागली. नारायणगावचा टोमॅटो, लासलगाव परिसरातला कांदा, वाशीच्या बाजारात पहाटे उतरणारा भाजीपाला, असा बराच माल याच गाड्यांतून फिरतो. हंगामात क्रेट चढत जातात आणि ठरवून दिलेल्या वजनाची मर्यादा सहज ओलांडली जाते. इंजिन, ब्रेक दोन्हीवर त्याचा ताण येतो.

इंजिन ऑइल : फिरणाऱ्या क्रँकमध्ये आणि बेअरिंगमध्ये तेलाचा पातळ थर टिकवणे हे त्याचे मुख्य काम. त्याशिवाय ते पिस्टनची उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचा बारीक कीस अंगावर घेऊन फिल्टरपर्यंत पोचवते, आणि आतले भाग गंजू देत नाही. डिझेल इंजिनात नवे तेल काही दिवसांतच काळे होते. तो काजळी धरून ठेवणाऱ्या रसायनांचा गुण आहे, तेवढ्यावरून तेल खराब ठरत नाही. रंग बघून तेल बदलण्याची सवय म्हणून सोडलेली बरी. किलोमीटर आणि महिने यांतले जे आधी भरेल ते खरे. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा साध्या वापरासाठी असतो. धुळीचा रस्ता, भरगच्च लोड, दिवसभर थांबत-थांबत डिलिव्हरी असे काम असेल तर त्याच्या आधीच बदलणे शहाणपणाचे.

डब्यावरच्या १५डब्ल्यू-४० या आकड्यांपैकी पहिला थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावर त्याचा दाटपणा किती राहतो ते. महाराष्ट्रातल्या हवामानात डिझेल पिकअपला हे तेल वर्षानुवर्षे चालत आले. पण १ एप्रिल २०२० पासून धुराच्या कडक नियमांच्या बीएस-६ गाड्या आल्या आणि नुसता दाटपणा बघून डबा उचलण्याचे दिवस संपले. या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. अडकलेली काजळी ती अधूनमधून स्वतः जाळून टाकते, पण तेलातल्या कॅल्शियम-जस्तासारख्या घटकांची राख जळत नाही. ती साचत जाते आणि शेवटी जाळी तुंबते. त्यामुळे कमी राखेचे तेल, म्हणजे एपीआय सीके-४ किंवा पुस्तिकेत लिहिलेला दर्जाच भरावा लागतो. जुन्या गाडीसाठी आणून ठेवलेला डबा ‘तेलच तर आहे’ म्हणून नव्या गाडीत रिकामा करू नये.

याच गाड्यांत आणखी एक गोष्ट घडते. जाळी साफ करण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते. फेऱ्या जवळच्या असतील तर ही सफाई अर्ध्यावर तुटते आणि थोडे डिझेल इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या चेंबरमध्ये उतरते. मग तेलाची पातळी दाखवणाऱ्या गेजच्या पट्टीवर तेल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते. अनेकांना ते शुभलक्षण वाटते. प्रत्यक्षात तेल पातळ झालेले असते आणि ते ताबडतोब बदलायला हवे.

कामाला लागण्यापूर्वी इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून बंद करतात. तेल कोमट झाले की घाण सोबत घेऊन वाहते. कडक तापलेले तेल मनगटावरून कोपरापर्यंत भाजते. पिकअप जमिनीपासून उंच असल्याने बहुतेकदा जॅक लावावाच लागत नाही, आणि कारच्या तुलनेत ही मोठी सोय आहे. उचलायचीच झाली तर नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. चॅसीखाली घोड्या (जॅक स्टँड) लावाव्यात आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे द्यावेत. ड्रेन बोल्टला पाना लावताना तो पूर्ण बसला आहे ना ते बघावे, कारण कडा गोल झाल्या की पुढचे सगळे काम बिघडते. बोल्ट शेवटी हाताने फिरवताना आत दाबून धरावा आणि आटे सुटल्याबरोबर झटकन बाजूला घ्यावा. पहिली धार सरळ खाली पडत नाही, हातभर पुढे जाते; भांडे त्या अंदाजाने ठेवावे.

फिल्टर काढल्यावर जुन्या फिल्टरचे रबर इंजिनाला चिकटून राहिलेले नाही ना, हे बोट फिरवून पाहणे फार महत्त्वाचे. एकावर एक दोन रबरे बसली की इंजिन सुरू होताच दाबाने तेल बाहेर उडते, आणि हे लक्षात येईपर्यंत चेंबर रिकामे होऊ शकते. नव्या फिल्टरच्या रबराला ताजे तेल लावून तो हाताने फिरवावा आणि रबर टेकल्यावर साधारण पाऊण फेरा आणखी आवळावा. पाना लावून आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघता निघत नाही. ड्रेन बोल्टचा वायसर दरवेळी नवा घालावा. दोन-पाच रुपयांसाठी जुनाच वापरला की थेंब गळू लागतो, मग माणूस बोल्ट अजून आवळतो आणि चेंबरचे आटे जातात.

अडीच लिटरच्या डिझेल इंजिनात सहसा पाच ते सात लिटर तेल बसते. सगळे एकदम न ओतता अर्धा-एक लिटर मागे ठेवून गेज पाहावा. सुरू केल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, आणि तो विझेपर्यंत रेस देऊ नये, कारण टर्बोच्या बेअरिंगला तेल पोचायला तेवढा अवधी लागतो. इंजिन बंद करून, सपाट जागेवर पाचेक मिनिटांनी पुन्हा गेज पाहिला की काम संपते.

रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला भोक पाडावे. ब्रँडचे जुने डबे भरून नकली तेल विकणाऱ्यांना त्यांचीच गरज असते. काढलेल्या काळ्या तेलाचा प्रश्न याहून गंभीर आहे. कुंपणाच्या खांबांना, दाराच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून ते फासण्याची पद्धत गावागावात आहे. ते मातीत मुरून विहिरीच्या पाण्यापर्यंत जाते आणि त्यातले काही घटक कर्करोगाला कारण ठरू शकतात. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून, ते अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी गोळा करणाऱ्याला किंवा तशी व्यवस्था असलेल्या गॅरेजला द्यावे. हाताला लागलेले तेल डिझेलने न धुता साबणाने धुवावे.

ब्रेक ऑइल : पायाचा दाब नळीतल्या द्रवातून चारही चाकांपर्यंत पोचतो. द्रव दाबला तरी आकसत नाही, हा या यंत्रणेचा आधार. माल्कम लॉकहीडने या ब्रेकचे पेटंट १९१७ मध्ये घेतले आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत ते चारही चाकांना बसवले गेले. आजचे डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या दर्जांचे द्रव ग्लायकॉल जातीचे आहेत. ते हवेतला ओलावा शोषतात, तोही रबरी होजमधून आणि ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून हळूहळू. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, डॉट ४ चा २३०. सुमारे ३.७ टक्के पाणी शिरले की हेच किमान आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ वर येतात.

घाटात या आकड्यांचा प्रत्यय येतो. नाशिककडून भरलेली पिकअप कसारा उतरते तेव्हा डिस्क आणि ड्रम तापत जातात, ती उष्णता चाकाजवळच्या कॅलिपर व व्हील सिलिंडरमधल्या द्रवात शिरते. पाणी शोषलेला द्रव उकळतो, वाफेचे बुडबुडे तयार होतात. वाफ दाबली की आकसते, म्हणून पाय थेट खाली जातो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. कधी हे उतारावर घडते, तर कधी घाट संपल्यावर चहाला थांबलेली गाडी पुन्हा निघताना. उभ्या गाडीच्या डिस्कला वारा लागत नाही आणि साठलेली उष्णता द्रवाकडे सरकते. तासाभराने सगळे थंड झाले की वाफेचा पुन्हा द्रव होतो, पेडल पूर्ववत लागते, आणि गॅरेजवाल्याला दोष सापडत नाही. ‘ब्रेक फेल झाला होता, पण आता लागतोय’ या तक्रारीत पहिला संशय ब्रेक ऑइलवर घ्यावा. डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करून गाडी सोडणारे सगळा भार ब्रेकवर टाकतात. इंजिन बंद केले तर पेडलला मदत करणारा व्हॅक्यूमही थोड्याच दाबांत संपतो. खालचा गिअर टाकून उतरण्याला पर्याय नाही.

ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे, मग गाडी कितीही कमी चालली असो. कोकणात पावसाळाभर हवेत पाणीच असते, तिथे ही मुदत ताणू नये. डबा लहान आणि सीलबंद घ्यावा. अर्धा वापरून फडताळात ठेवलेला डबा झाकण लावूनही भरवशाचा राहत नाही. टाकीतली पातळी खाली गेली की लगेच भर घालण्यापूर्वी पॅड आणि लायनर पाहावेत, कारण ते झिजले की पातळी आपोआप उतरते. पॅड ठीक असतील तर गळती शोधावी. हाताशी आहे म्हणून इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचे ऑइल या टाकीत थेंबभरही घालू नये. त्याने मास्टर सिलिंडरपासून (पेडलचा दाब द्रवाला देणारा भाग) चाकापर्यंतची सगळी रबरे फुगतात, ब्रेक जाम होतात, आणि मग सगळी रबरी कामे नव्याने करावी लागतात.

बदलण्यासाठी आधी टाकीतला जुना द्रव सिरिंजने काढून ताजा भरतात. मग मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात होते. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते बहुधा मागचे डावे असते. पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तोच धरावा. चाकाजवळच्या, द्रव बाहेर सोडण्याच्या निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या द्रवात बुडवतात. केबिनमधला माणूस पेडल दाबून धरतो, गाडीखालचा माणूस निप्पल अर्धा फेरा सैल करतो, चहासारखा तपकिरी द्रव नळीत येतो, निप्पल पुन्हा आवळला जातो, आणि ‘सोड’ म्हटल्यावरच पाय उचलायचा. निप्पल उघडा असताना पाय उचलला तर हवा आत ओढली जाते. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. मास्टर सिलिंडरचा न वापरलेला भाग गंजलेला असतो आणि पेडल तळापर्यंत गेले तर आतली रबरे त्यावर घासून फाटतात. नळीत स्वच्छ फिकट द्रव दिसेपर्यंत, बुडबुडे थांबेपर्यंत हे चालते. मधूनमधून टाकी भरत राहावी, कारण ती रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून हवा काढत बसावे लागते. चारही चाकांना मिळून साधारण लिटरभर लागते. द्रव रंगावर सांडला तर रंग उचलून आणतो, म्हणून पाण्याची बादली शेजारी हवी.

अनेक पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलजवळ लोड पाहून मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली असते. चॅसी उचलून अ‍ॅक्सल लोंबता ठेवला की व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो, मागे जाणारा दाब अडवतो आणि हवा पुरती निघत नाही. मागच्या चाकांचे काम म्हणून चाके जमिनीवर ठेवून, किंवा घोड्या अ‍ॅक्सलखाली लावून करावे. कारची सवय असलेले चांगले हात इथे अडतात.

काम झाल्यावर इंजिन सुरू करून पेडल अर्धा मिनिट घट्ट दाबून धरावे. ते हळूहळू खाली बसत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे. पहिली चाचणी रिकाम्या गाडीने, मोकळ्या सपाट जागेत, कमी वेगात घ्यावी आणि त्यानंतरच लोड भरावा. क्लच हायड्रॉलिक असेल आणि त्याच टाकीतून द्रव घेत असेल तर क्लचचीही हवा पाहावी. काही एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत तिच्या युनिटमधली हवा काढायला कंपनीचे स्कॅनर लागते, आणि गंजून बसलेला निप्पल जोर लावला की मुळातून तुटतो. या दोन अडचणींत काम तिथेच थांबवून गाडी जाणत्या फिटरकडे न्यावी; ब्रेक अर्धवट उघडलेले असतील तर ती चालवत नेऊ नये, टो करून न्यावी.