ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचे मेंदूवरील परिणाम

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके (उदा., पॅराथिऑन, मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस) शरीरात गेल्याने मेंदू व मज्जासंस्थेत होणारे तात्कालिक आणि दीर्घकालीन बिघाड. ही द्रव्ये त्वचा, श्वसनमार्ग व अन्नमार्ग या तिन्ही वाटांनी शिरतात. मेदात विरघळणारी असल्याने त्यांपैकी बहुतेक मेंदूपर्यंत पोहोचतात.

या गटाचा इतिहास युद्धातील विषांशी जोडलेला आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड श्राडर कीटकनाशकांवर काम करत असताना १९३६ च्या अखेरीस ताबून हे अतिविषारी द्रव्य त्यांच्या हाती लागले. शेतात वापरले गेलेले पॅराथिऑनही त्यांच्याच संशोधनातून १९४० च्या दशकात आले.

तंत्रिका संदेश पोहोचवून झाल्यावर ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक द्रव्याचे विघटन करणारे ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे एंझाइम ही द्रव्ये निकामी करतात. साठलेल्या ॲसिटिलकोलीनमुळे बाहुल्या बारीक होणे, लाळ व घाम सुटणे, स्नायू फडफडणे, झटके, बेशुद्धी व श्वसन बंद पडणे ही लक्षणे दिसतात. एंझाइमशी जडलेला बंध कालांतराने पक्का होतो आणि मग प्रॅलिडॉक्झिम हे उतारा-औषध तो सोडवू शकत नाही. डायमिथिल गटातील द्रव्यांत (उदा., मोनोक्रोटोफॉस) याला काही तास पुरतात, डायएथिल गटात (उदा., क्लोरपायरिफॉस) साधारण एक-दोन दिवस लागतात. अ‍ॅट्रोपीन हा उपचाराचा मुख्य आधार होय.

तीव्र लक्षणे ओसरल्यावर रुग्ण सुटला असे मानता येत नाही. सेनानायके व करालिएद्दे यांनी १९८७ मध्ये श्रीलंकेतील रुग्णांवरून ‘मध्यंतरी लक्षणसमूह’ वर्णिला : विषबाधेनंतर सुमारे एक ते चार दिवसांनी मान, खांदे-मांड्या व श्वसनाचे स्नायू दुबळे होतात. याहून वेगळा प्रकार म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी पायांपासून सुरू होणारा विलंबित लुळेपणा. त्यात लांब तंत्रिकातंतूंबरोबर मेरुरज्जूतील मार्गही झिजतात. एम. के. जॉन्सन यांच्या संशोधनानुसार त्याचे मूळ ॲसिटिलकोलिनएस्टरेजमध्ये नसून ‘न्यूरोपॅथी टार्गेट एस्टरेज’ या दुसऱ्या एंझाइममध्ये आहे. हा विकार कीटकनाशकांच्या आधी ट्रायऑर्थोक्रेसिल फॉस्फेट या औद्योगिक रसायनामुळे लक्षात आला. १९३० मध्ये अमेरिकेत त्याची भेसळ असलेल्या आल्याच्या अर्काने हजारो लोक लुळे झाले. मुंबईतील अशाच उद्रेकाचे वैद्यकीय वर्णन १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले.

तीव्र विषबाधेतून वाचलेल्यांची स्मरणशक्ती, एकाग्रता व प्रतिक्रियेचा वेग पुढे मंदावलेला राहतो, हे निकाराग्वातील शेतमजुरांच्या १९९१ मधील अभ्यासासह अनेक पाहण्यांत दिसले आहे. लक्षणे न दिसता थोडे थोडे विष वर्षानुवर्षे शरीरात गेल्यास काय होते, यावर मात्र मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये १९७६ ते १९९२ या काळात मेंढ्यांना औषधी द्रावणात बुचकळणे सक्तीचे होते. या गटातील द्रव्ये असलेल्या द्रावणाने ते काम करणाऱ्यांत बौद्धिक चाचण्यांतील घट १९९५ मध्ये नोंदली गेली. पुढील सर्व अभ्यासांना ती तशीच आढळली नाही.

गर्भाबाबतचा पुरावा अधिक वजनदार वाटतो. कॅलिफोर्नियातील सलिनास खोऱ्यात गर्भवतींच्या मूत्रात या द्रव्यांचे अवशेष सर्वाधिक असलेल्या गटातील मुलांचा बुद्ध्यंक सातव्या वर्षी सर्वांत कमी अवशेषांच्या गटापेक्षा सरासरी सुमारे ७ गुणांनी कमी निघाला (२०११). न्यूयॉर्कमध्ये नाळेच्या रक्तातील क्लोरपायरिफॉस व मुलांची कार्यकारी स्मृती यांचा असाच संबंध दिसला. सिनसिनाटीतील पाहणीत तो आढळला नाही. मूत्रातील अवशेष काही दिवसांतच निघून जातात. शिवाय त्यांतील काही अन्नावर आधीच विघटित झालेल्या द्रव्याचे असतात, हा आक्षेप योग्य आहे. परंतु असे मोजमाप-दोष बहुधा खरा संबंध फिका करतात. क्लोरपायरिफॉसचे विष निष्प्रभ करणारे पॅराऑक्सोनेज एंझाइम नवजातात फार कमी असते. ॲसिटिलकोलिनएस्टरेज फारसे न दबवणाऱ्या मात्रांतही उंदरांच्या पिलांत मेंदूविकासाचे बदल दिसतात. हे लक्षात घेता गर्भवतींना व लहान मुलांना फवारणीपासून दूर ठेवण्यासाठी आणखी पुराव्याची वाट पाहणे समर्थनीय नाही.

भारतात १९५८ मध्ये केरळमध्ये पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने १०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर चौकशी होऊन कीटकनाशक अधिनियम, १९६८ आला. बिहारमध्ये २०१३ मध्ये मोनोक्रोटोफॉसमिश्रित माध्यान्ह भोजनाने २३ मुले दगावली. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली व अनेकांचा मृत्यू झाला. तेथे मिश्र द्रावणे वापरली गेल्याने सर्व लक्षणे याच गटाला चिकटवणे बरोबर नाही.

युरोपीय संघाने २०२० मध्ये क्लोरपायरिफॉसची मान्यता काढली. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने मे २०२५ मध्ये काही सवलती ठेवून ते बंदीच्या यादीत घातले. निदानासाठी रक्तातील कोलिनएस्टरेज मोजतात. पण निरोगी व्यक्तींतही त्याची पातळी बरीच भिन्न असते. त्यामुळे हंगामापूर्वी त्याच व्यक्तीची मूळ पातळी नोंदलेली नसल्यास मध्यम घट नजरेतून सुटते. कॅलिफोर्नियात फवारणी-कामगारांची अशी देखरेख १९७४ पासून बंधनकारक आहे.