पोटात दुखतंय आणि तुकडी बदललीय

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आठवड्याभरात माझ्या भाचीचं पोट दुखायला लागलं. रोज सकाळी, बरोबर रिक्षामामा हॉर्न वाजवायच्या पाच मिनिटं आधी. रविवारी पोट ठणठणीत, वर मिसळीला जादा कट. डॉक्टरांना काही सापडलं नाही. आजीनं मीठ-मोहऱ्या उतरवून दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या, सगळ्या घराला ठसका लागला. पाचवीला हायस्कुलात गेल्यावर हिची चौथीपर्यंतची जिवाभावाची मैत्रीण कुठल्या तुकडीत गेली, हे मात्र कुणी विचारलं नाही. ही 'क'मध्ये, ती 'अ'मध्ये.

मीसुद्धा विचारलं ते रंकाळ्यावर भेळ खाता खाता, सहज. "शेजारी कोण बसतं गं?" तर म्हणाली, "कोण पण बसतं." एवढंच. मग शेव वेचून खात बसली.

आपल्याकडे मैत्री म्हणजे अभ्यासातली अडचण. पालकसभेत दोन पोरींबद्दल हमखास ऐकू येतं, "फार बोलतात, वेगळ्या बसवा." मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मनातलं मला फारसं कळत नाही, नमुन्यातलं कळतं. म्हणून त्या शेजारच्या बाकाचा हिशेब शरीर कुठे ठेवतं, ते सांगते.

बाईंनी अचानक उभं केलं, उत्तर येत नाही, मागून कोणीतरी हसलं. पहिल्या काही सेकंदांत अ‍ॅड्रेनालिन सुटतं, छाती धडधडते, तळहात ओले होतात. हे सगळ्यांना माहीत असतं. मला आवडते ती याच्या मागून, सावकाश येणारी दुसरी साखळी. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तो सीआरएच नावाचं रसायन सोडतो. ते जवळच्याच पियूषिका ग्रंथीला पोचतं. ती एसीटीएच नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. ते वाहत वाहत खाली मूत्रपिंडांपर्यंत जातं. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आहेत, त्यांच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक बाहेर पडतं. कॉर्टिसॉल यकृताला सांगतं, साखर मोकळी कर. बाकीच्या, घाई नसलेल्या कामांना सांगतं, थांबा जरा.

आता गंमत बघा. ही साखळी बंद कोण करतं? कॉर्टिसॉल स्वतःच. ते रक्तातून परत मेंदूत जातं, हायपोथॅलॅमस, पियूषिका आणि हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींचा भाग) इथल्या ग्राहकांना, म्हणजे त्याला पकडणाऱ्या प्रथिनांना, चिकटतं आणि वरचा नळ बंद करतं. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट आठवा. पाणी चढलं की पाण्यानेच उचलला जातो आणि व्हॉल्व्ह मिटतो. ताण रोजचा झाला तर हा फ्लोट नीट उचलला जात नाही, अशी भीती असते.

कॉर्टिसॉल मोजायला सुई टोचावी लागत नाही, लाळ पुरते. रक्तातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कॉर्टिसॉल प्रथिनांना बांधलेलं असतं. उरलेलं मोकळं कॉर्टिसॉल मेदात विरघळणारं, त्यामुळे पेशींच्या पटलातून सहज पार होऊन लाळेत येतं. फक्त उशीर लागतो. ताण आल्यावर लाळेतला आकडा वर चढायला साधारण वीस ते तीस मिनिटं जातात. म्हणजे तोंडी परीक्षेची भीती लाळेत दिसते तोवर पोरगं जागेवर जाऊन बसलेलं असतं. शिवाय कॉर्टिसॉलला स्वतःचं घड्याळ आहे. सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत जास्त, मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी. म्हणून आमच्या लॅबमध्ये या तपासणीचं रक्त सहसा सकाळी आठच्या सुमाराला घेतात. वेळ न लिहिलेला रिपोर्ट म्हणजे निव्वळ कागद.

हल्ली मोबाइलवर 'कॉर्टिसॉल कमी करणारी' पावडर विकणारे उगवलेत. त्यांच्यासाठी एक ओळ: अ‍ॅडिसनच्या आजारात कॉर्टिसॉल पुरेसं बनत नाही आणि उपचार न केल्यास माणूस दगावतो. ते विष नाही.

तर लाळेकडे. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमधून हान्स सेल्ये या संशोधकानं १९३६ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक छोटं टिपण लिहिलं आणि ताणाच्या अभ्यासाला जोर आला. त्याच शहरातल्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ विल्यम बुकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी पाचवी-सहावीच्या १०३ मुलांचा अभ्यास केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चार दिवस, दिवसातून अनेकदा, मुलांनी वहीत लिहायचं: आत्ता काय घडलं, ते किती वाईट होतं, सोबत कोण होतं, स्वतःबद्दल काय वाटतंय. आणि थोडी लाळ द्यायची. जवळचा मित्र सोबत नसताना प्रसंग जितका वाईट, तितकं कॉर्टिसॉल वर आणि स्वतःबद्दलचं मत खाली. मित्र सोबत असताना दोन्ही जवळपास जिथल्या तिथं. प्रसंग तोच, सोबतीला एक माणूस जास्त.

मित्र किती आहेत, पोरगी वर्गात लाडकी आहे का, असा हा प्रश्न नव्हता. त्या क्षणी शेजारी कोण होतं, एवढंच.

लगेच टाळ्या वाजवू नका. मुलं मुद्दाम वेगळी केली नव्हती, जे घडत होतं ते नोंदवलं होतं. धीट मुलं बहुतेक मित्रासोबतच असतात म्हणून असं दिसलं असेल का, ही शंका उरतेच. ती फेडायला प्रयोग लागतो, आणि तो अमेरिकेत मेगन गनर यांच्या गटानं केला. एका गटात ९-१० वर्षांची मुलं, दुसऱ्यात १५-१६ वर्षांची. परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी गणित. २०१५ च्या प्रयोगात तयारीला आई किंवा बाबा सोबत असले, तर लहानांचं कॉर्टिसॉल कमी चढलं. मोठ्यांना आईबाबांचा असा उपयोग झाला नाही. मग मित्र? २०१७ मध्ये चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून काहींसोबत पालक दिले, काहींसोबत मित्र. लहानांना मित्राचा पालकांपेक्षा जादा फायदा नाही. १५-१६ वर्षांच्या मुलांत तर मित्र सोबत असताना कॉर्टिसॉल उलट जास्त चढलं!

मला हा निकाल मॉन्ट्रियलच्या निकालापेक्षाही आवडतो, कारण तो सोयीचा नाही. माझा अंदाज असा, की भाषणाच्या तयारीत मित्र हा आणखी एक परीक्षक होतो. मधल्या सुट्टीतला मित्र परीक्षक नसतो. आणि मैत्रिणी नुसतं 'मन मोकळं' करतात तेही नेहमी भलं नसतं. मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी २००७ मध्ये ८१३ मुलामुलींचा सहा महिन्यांचा अभ्यास मांडला. तेच दुःख पुन्हा पुन्हा उगाळणाऱ्या मुलींची मैत्री घट्ट झाली, पण उदासी आणि चिंताही वाढली. मुलग्यांची मैत्री घट्ट झाली, बाकी काही बिघडलं नाही. का, ते मुलग्यांनाच विचारा.

भाचीच्या शाळेत तुकडी बदलून मिळाली नाही. "सगळेच मागतील," असं उत्तर आलं, आणि ते खोटं नाही. पण मधली सुट्टी सगळ्या तुकड्यांची एकच. दोघी पाण्याच्या नळापाशी भेटतात, डबे बदलतात. पोटदुखी अजून आहे, आठवड्यातून एखाद्या दिवशी.

मी तिला हे सगळं समजावून सांगितलं. तिचे डोळे चमकले. "मावशी, माझी थुंकी तपास की. एकदा ती आली त्या दिवशी, एकदा ती नसताना."

म्हटलं, "दोनदा घेऊन चालत नाही. चार दिवस, रोज पाच-सहा वेळा, घड्याळ लावून. आणि मध्ये काही खायचं नाही."

"एवढं थुंकायला टाइम कुणाला हाय," म्हणाली, आणि दप्तर उचललं. "मी चाललो."