बॅटनबर्ग, राजकन्या ॲलिस

(२५ फेब्रुवारी १८८५ – ५ डिसेंबर १९६९). ग्रीसच्या राजघराण्याची सून, परिचारिका आणि दुसऱ्या महायुद्धात एका ज्यू कुटुंबाला आसरा देणारी राजकन्या. ब्रिटनच्या दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या सासूबाई आणि हिंदुस्थानचे अखेरचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांच्या थोरल्या भगिनी, एवढीच त्यांची ओळख बहुधा करून दिली जाते. ती फार अपुरी आहे.

त्यांचा जन्म विंडसर कॅसलमध्ये, पणजी व्हिक्टोरिया राणीच्या उपस्थितीत झाला. जन्मतःच ऐकू येत नसल्याने ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखायला त्या शिकल्या. इंग्रजी, जर्मन आणि लग्नानंतर ग्रीकही त्यांनी याच रीतीने आत्मसात केली. १९०३ मध्ये ग्रीसचे राजपुत्र अँड्र्यू यांच्याशी विवाह झाला. बाल्कन युद्धांत त्यांनी जखमी सैनिकांची शुश्रूषा केली आणि शस्त्रक्रियांनाही हातभार लावला.

१९१७ मध्ये ग्रीसचे राजे आणि अँड्र्यू यांचे थोरले बंधू कॉन्स्टंटाइन यांना सिंहासन सोडावे लागले, तेव्हा राजकुटुंब स्वित्झर्लंडला गेले. १९२० मध्ये परतता आले, पण तुर्कांविरुद्धच्या युद्धात आशिया मायनरमध्ये झालेल्या पराभवाचे खापर अँड्र्यू यांच्याही माथी फुटले. १९२२ मध्ये त्यांना जन्मभर हद्दपार करण्यात आले. ‘कॅलिप्सो’ या ब्रिटिश युद्धनौकेवरून कुटुंब निघाले. धाकटा मुलगा फिलिप (पुढे एलिझाबेथ राणीचे पती) तेव्हा दीड वर्षाचा होता आणि त्याला फळांच्या खोक्यात निजवले होते. पॅरिसजवळ सँ-क्लू येथे नातलगांच्या घरात संसार थाटला गेला.

१९३० मध्ये स्किझोफ्रेनियाचे निदान झाले आणि ॲलिस यांना मनाविरुद्ध स्वित्झर्लंडमधील क्रॉइझलिंगेनच्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांच्या सल्ल्यावरून त्यांच्या अंडाशयांवर क्ष-किरण सोडण्यात आले. हे उपचार नव्हते, तो अन्यायच होता. चारही मुलींची लग्ने याच काळात लागली आणि एकाही लग्नाला आई नव्हती. १९३७ मध्ये मुलगी सेसिली पती व मुलांसह विमान अपघातात गेली.

ज्या देशाने घराबाहेर काढले, तिथेच ॲलिस १९३८ मध्ये राहायला गेल्या. युद्धात त्यांचे जावई जर्मनीच्या बाजूने आणि मुलगा ब्रिटिश नौदलात होता. जर्मनांच्या ताब्यातील अथेन्सच्या उपासमारीत त्यांनी अन्नछत्रे चालवली. एका जर्मन सेनापतीने ‘आपल्यासाठी काय करू?’ असे विचारले, तेव्हा ‘माझ्या देशातून सैन्य काढून घ्या,’ असे त्यांनी सुनावले. १९४३ पासून मुक्तीपर्यंत रेचेल कोहेन आणि त्यांच्या मुलांना त्यांनी स्वतःच्या घरात लपवले. गेस्टापोचे (नाझी गुप्त पोलिसांचे) लोक चौकशीला आले, की ऐकू येत नसल्याचे निमित्त करून त्या प्रश्न टोलवत.

१९४९ मध्ये त्यांनी परिचारिका-जोगिणींचा संघ स्थापला. १९६० मध्ये राजकुमारी अमृत कौर यांच्या निमंत्रणावरून त्या भारतात आल्या, मात्र आजारपणामुळे दौरा आवरता घ्यावा लागला. १९६७ च्या लष्करी उठावानंतर ग्रीस कायमचे सुटले. बकिंगहॅम राजवाड्यात त्यांचे निधन झाले. जवळचे सर्व त्यांनी आधीच वाटून टाकले होते. १९८८ मध्ये, त्यांच्या इच्छेप्रमाणे, अस्थी जेरुसलेमच्या ऑलिव्ह पर्वतावरील मेरी मॅग्डालीन चर्चमध्ये हलवण्यात आल्या. ज्यूंच्या नाझी संहाराचे स्मारक सांभाळणाऱ्या इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्यांना ज्यूंना वाचवणाऱ्या सत्पुरुष-स्त्रियांमध्ये स्थान दिले. १९९४ मध्ये तो सन्मान फिलिप यांनी स्वीकारला.