सागर परिक्रमेच्या मागचे आवटी साहेब

2025 च्या मे महिन्यात नौदलाच्या दिलना आणि रूपा ह्या दोन ऑफिसर शिडाच्या 'तारिणी'वरून, दोघीच, पृथ्वीला चक्कर मारून गोव्याला परत आल्या. ह्या परिक्रमेचं मूळ कुठंय विचारलं तर लोक मुंबई नाहीतर गोवा म्हणतील, पण ते आहे फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीत. समुद्र पार घाटाखाली, आणि पाण्याची ओढाताण आपल्या मराठवाड्यासारखीच. तिथं व्हाईस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी रिटायर होऊन राहायला आले, आणि तिथूनच त्यांनी हा ध्यास लावून धरला.

आवटींचा जन्म 1927 चा, सुरतचा. 1971 च्या युद्धात ते 'कामोर्ता' ह्या युद्धनौकेचे कॅप्टन होते, बंगालच्या उपसागरात, आणि त्याबद्दल वीरचक्र मिळालं. पुढं वेस्टर्न नेव्हल कमांडचे प्रमुख होऊन 1983 ला रिटायर झाले. एवढ्यावर थांबले असते तरी भरपूर होतं. पण आपल्या देशाला एवढा किनारा असून लोक समुद्राकडं पाठ फिरवून बसलेत ही त्यांची तळमळ होती, नौदलात असतानाच 1978 मध्ये त्यांनी मुंबईत मेरिटाइम हिस्ट्री सोसायटी काढली ती त्याच पोटी. झाडं, पक्षी, जंगल हा दुसरा जिव्हाळा.

आता मला सगळ्यात लागणारी गोष्ट. एकट्यानं, कुठंही न थांबता जगाला चक्कर मारणारा पहिला माणूस म्हणजे इंग्रज रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, 1968-69 साली. त्याची बोट 'सुहेली' बांधली होती कुठं, तर आपल्या मुंबईत, सागवानी लाकडात! बोट आपल्या कारागिरांच्या हातची, आणि तरी पुढची चाळीस वर्षं एकाही भारतीयानं एकट्यानं परिक्रमा केली नाही. आर्मीच्या इंजिनिअर्सनी 1985 ते 87 मध्ये 'तृष्णा'वरून केली होती, पण ती टीमची. एकट्याची बाकी होती आणि आवटींनी तीच मनावर घेतली. बोटही भारतातच बांधायची आणि चालवणाराही भारतीयच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

2006 मध्ये नौदलानं कोण जाणार विचारलं तेव्हा कमांडर दिलीप दोंदे तयार झाले, आपला मराठी माणूस. ते नॉक्स-जॉन्स्टनच्या टीममध्ये हाताखाली राहून काम शिकून आले. बोट बांधायला घेतली गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी. डिझाइन डच, 56 फुटी, आणि दांडेकरांनी असली समुद्रात लांब जाणारी शिडाची बोट आधी कधी बांधलेलीच नव्हती. नदीच्या नावावरून नाव ठेवलं 'म्हादेई'.

परिक्रमेचे नियम कडक असतात, सुएझ किंवा पनामाचा कालवा वापरायचा नाही, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, अंतर 21,600 सागरी मैलांच्या वर झालं पाहिजे, आणि वाटेत केप हॉर्न येतं, म्हणजे दक्षिण अमेरिकेचं खालचं टोक, जिथं लाटा इमारतीएवढ्या उठतात. तिथं दक्षिणेला पश्चिमेकडून सतत जोराचा वारा असतो म्हणून बोट पूर्वेकडं न्यायची, वारा पाठीशी राहतो. दोंदे 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईतून निघाले, फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाउन असे फक्त चार थांबे घेऊन मे 2010 मध्ये परत आले. पहिले भारतीय! मग अभिलाष टॉमी त्याच म्हादेईवरून 2012-13 मध्ये न थांबता जाऊन आले, 2017-18 मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा मुली तारिणीवरून, आणि तारिणीसुद्धा दांडेकरांनीच बांधलेली. हे सगळं आवटींनी डोळ्यांनी पाहिलं, नोव्हेंबर 2018 मध्ये ते गेले.

मराठवाड्यात बसून हे लिहायचं कारण आमचा नाथसागर, पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. 1965 ला शास्त्रीजींनी धरणाची पायाभरणी केली, 1976 ला इंदिराजींच्या हस्ते उद्घाटन झालं, भरला की पलीकडचा काठ दिसत नाही एवढं पाणी. भोई समाजातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गोदावरीत जाळं टाकतात, वारा कुठून फिरणार हे त्यांना पाण्यावरच्या नुसत्या सुरकुत्या बघून कळतं, जाळं कुठल्या अंगानं सोडायचं ते त्यावरूनच ठरतं. गंगापूरकडच्या बॅकवॉटरमध्ये तर पोरं थर्माकोलवर बसून शाळेला गेलेली आहेत, ते बघून जीव तुटतो, पण पाण्याची भीती ह्या पोरांना नाही हे पण खरं. आणि आम्ही मात्र म्हणतो आपल्याकडं कुठं समुद्र. विंचुर्णीत तरी कुठं होता?

लहान मुलांना सेलिंग शिकवायला 'ऑप्टिमिस्ट' नावाची जेमतेम आठ फुटाची बोट असते, एक शीड, एक सुकाणू, बस्स. इंजिन नाही म्हणजे आवाज नाही, धूर नाही, आणि नाथसागर पक्षी अभयारण्य असल्यामुळं हे फार महत्त्वाचं. वनखात्याशी नीट बोलून, थंडीत पाहुणे पक्षी येतात ते महिने सोडून, चार-पाच अशा बोटी, लाइफ जॅकेट आणि नौदलातून रिटायर झालेला एखादा शिकवणारा एवढ्यावर पैठणला सुरुवात होऊ शकते, आणि पहिली बॅच भोयांच्या पोरापोरींची असावी असं मला मनापासून वाटतं.