विन३२ प्रोग्रॅमिंग

विन३२ प्रोग्रॅमिंग म्हणजे मधे कोणतेही फ्रेमवर्क (तयार सांगाडा) न घेता विंडोजच्या मूळ एपीआयवर (प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या फंक्शनांच्या संचावर) थेट डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहिण्याची पद्धत. हा एपीआय १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ बरोबर आला. ६४-बिट विंडोजवरही त्याचे नाव विन३२ असेच राहिले. भाषा बहुधा सी किंवा सी++. तयार फाइल लहान असते आणि जुन्या संगणकावरही पटकन उघडते. त्यामुळे लातूर किंवा जालन्याच्या आडत बाजारात वजनकाट्याला जोडलेल्या संगणकासाठी ही पद्धत सोयीची पडते.

आधी रजिस्टरक्लासएक्सने विंडोचा वर्ग नोंदवायचा, मग क्रिएटविंडोएक्सने विंडो तयार करायची आणि संदेश (क्लिक, कळ दाबणे अशा घटनांची सूचना) उचलून विंडोच्या फंक्शनकडे पोहोचवणारे गेटमेसेज, डिस्पॅचमेसेजचे चक्र चालू ठेवायचे. त्या फंक्शनमध्ये आपण न हाताळलेला प्रत्येक संदेश डेफविंडोप्रॉक या विंडोजच्या ठरावीक फंक्शनकडे द्यावाच लागतो. सगळ्यांना शून्य परत केले तर विंडो तयारच होत नाही आणि पडद्यावर कारणही दिसत नाही. विंडो नष्ट होताना पोस्टक्विटमेसेज विसरले, तर विंडो जाते पण प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमध्ये चालूच राहतो.

काट्याचे यंत्र सहसा सीरियल पोर्टवर (अक्षरे एकामागून एक नेणाऱ्या जोडणीवर) वजन पाठवते. पोर्टही फाइल उघडणाऱ्या क्रिएटफाइलनेच उघडतो. मात्र कॉम १० आणि त्यापुढच्या पोर्टच्या नावाआधी दोन उलट्या तिरक्या रेघा, टिंब आणि पुन्हा एक रेघ लागते. बॉड रेट (पोर्टचा वेग) यंत्राशी जुळला नाही तर भलतीच अक्षरे येतात. वाचन मुख्य थ्रेडवर (संदेशांचे चक्र चालवणाऱ्या कामाच्या धाग्यावर) ठेवू नये: सुमारे ५ सेकंद संदेश उचलले गेले नाहीत की विंडोज तो प्रोग्रॅम प्रतिसाद देत नसल्याचे दाखवते. वेगळ्या थ्रेडवर वाचून पोस्टमेसेजने मुख्य विंडोला कळवावे. पोर्टवरून वाचणारे रीडफाइल पूर्ण आकडा एकदम देईलच असे नाही. १२४५० ऐवजी नुसते १२४ हाती येऊ शकते. तेच पावतीवर छापले गेले तर नुकसान सोयाबीन आणणाऱ्या शेतकऱ्याचे. म्हणून यंत्राने ठरवलेले शेवटचे चिन्ह येईपर्यंत अक्षरे साठवावीत आणि मगच वजन धरावे.

मराठी नावांसाठी ज्या ज्या फंक्शनला ‘डब्ल्यू’ (यूनिकोड) रूप आहे, त्याचे तेच रूप वापरावे. ‘ए’ (जुन्या अक्षरसंचाच्या) रूपात देवनागरीच्या जागी सहसा प्रश्नचिन्हे उमटतात. ‘डब्ल्यू’ रूपात मजकूर यूटीएफ-१६ या २ बाइटच्या एककांच्या पद्धतीत असतो: ‘लातूर’ला ५ एकके, म्हणजे १० बाइट, आणि मजकुराचा शेवट दाखवणाऱ्या शून्यासाठी आणखी २ बाइट. बफरची (मजकूर ठेवायच्या मेमरीतल्या जागेची) लांबी कुठे एककांत, कुठे बाइटमध्ये मागतात. ते न पाहता लिहिल्यास मजकूर तुटतो किंवा शेजारची मेमरी बिघडते.