फॉर्म ५ आणि फॉर्म ५बी: "आरटीओत टेस्ट नाही" हे नक्की कुणासाठी

परत तोच प्रश्न आला. आमच्या सोसायटीतल्या एक वहिनी आहेत, वय ३८, मुलं आता आपापली शाळेत जातात, तर गाडी शिकायचीच असं त्यांनी मनावर घेतलंय, पहिलंच लायसन्स. मला म्हणाल्या, "अगं, आता ऑनलाइन कोर्स केला की आरटीओत टेस्ट द्यावी लागत नाही ना? ड्रायव्हिंग स्कूलवालेच सर्टिफिकेट देतात म्हणे." मी विचारलं, कुठलं सर्टिफिकेट, ५ की ५बी? तर त्यांना हे दोन वेगळे असतात हेच माहीत नव्हतं, आणि पैसे मात्र भरून झाले होते.

हा गोंधळ मी इतक्या वेळा बघितलाय की आता एकदा सगळं लिहूनच टाकते.

लर्निंग लायसन्सचं बहुतेकांना माहीत असतं म्हणून ते भराभर सांगते. सारथी पोर्टल म्हणजे लायसन्सची सरकारी वेबसाइट, आधारचा ओटीपी, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघायचा, मग परीक्षा, १५ प्रश्न, त्यातले ९ बरोबर यायला हवेत, पास झालात की लर्निंगची पीडीएफ उतरवून घ्यायची. महाराष्ट्रात हे घरबसल्या २०२१ च्या जूनपासून होतंय. लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्यासाठी अर्ज किमान ३० दिवसांनी करता येतो. चाळिशी ओलांडली असेल तर फॉर्म १ए म्हणजे डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. संपलं, यात फारसं कुणी अडखळत नाही. फक्त एक गोष्ट मला अजिबात पटत नाही, ती म्हणजे आईबाबांची ही परीक्षा मुलाने किंवा एजंटने शेजारी बसून देणं. प्रश्न साधे असतात हो, कुठल्या पाटीचा अर्थ काय, चौकात आधी कुणी जायचं, अँब्युलन्स आली तर काय करायचं. तेवढे वाचायला एक संध्याकाळ पुरते आणि गाडी शेवटी तुम्हालाच चालवायचीय.

तर ऑनलाइन होतं ते एवढंच. लर्निंगचा अर्ज, परीक्षा, फी, पुढच्या टेस्टची तारीख घेणं. तो व्हिडिओ बघितला म्हणजे ट्रेनिंग झालं असं नाही, आणि मोबाईलवर बघायच्या कुठल्याही कोर्समुळे आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ होत नाही. व्हिडिओवाले कोर्स वाईट असतात असं मी म्हणत नाही, पाट्या, लेनची शिस्त, आरसे कसे लावायचे हे त्यातून चांगलं कळतं, मी स्वतः बघितलेत. पण "टेस्ट माफ" हे शब्द त्यांच्या जाहिरातीत असतील तर तिथून सरळ उठायचं.

मग टेस्ट माफ होते ही गोष्ट आली कुठून? २०२४ च्या मे महिन्यात व्हॉट्सअपवर सगळीकडे फिरत होतं की १ जूनपासून आरटीओत जायची गरज नाही, प्रायव्हेट ड्रायव्हिंग स्कूलच टेस्ट घेणार आणि लायसन्स देणार. काही बातम्यांमध्येही तसंच आलं. मग केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला खुलासा करावा लागला की १ जूनपासून काहीही बदलत नाहीये, जे नियम आहेत ते ७ जून २०२१ च्या अधिसूचनेतले आहेत आणि १ जुलै २०२१ पासून लागू आहेत. म्हणजे अफवा तीन वर्षं जुन्या नियमावर उभी होती, आणि तो नियमही अर्धाच वाचलेला होता. खुलासा फारसा कुणी वाचला नाही, फॉरवर्ड मात्र अजून फिरतोय.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे गाडी शिकवणाऱ्या मान्यताप्राप्त संस्था दोन जातीच्या आहेत, आणि दोघींच्या पाटीवर "सरकारमान्य" लिहिलेलं असतं, म्हणूनच सगळा घोळ होतो.

पहिली जात म्हणजे आपलं नेहमीचं मोटर ट्रेनिंग स्कूल. गल्लीच्या तोंडाशी एक खोली, बाहेर छपरावर पाटी लावलेली गाडी, आत भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतल्या नियम २४ खाली त्यांना आरटीओचं लायसन्स असतं, म्हणजे "सरकारमान्य" हे खोटं नाही. कोर्स संपला की ते देतात फॉर्म ५. या फॉर्म ५ ने टेस्ट माफ होत नाही, पूर्वीही होत नव्हती आणि आताही होत नाही. या व्यक्तीने आमच्याकडे ट्रेनिंग घेतलं, एवढंच तो कागद सांगतो. चालवता येतं की नाही ते इन्स्पेक्टर किंवा ऑटोमॅटिक ट्रॅक ठरवतो.

दुसरी जात म्हणजे मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र, सगळे त्याला एडीटीसी म्हणतात. हे २०२१ च्या नियमांनी आलं, नियम ३१बी पासून पुढे. त्याला जागाच किमान एक एकर लागते, आणि मध्यम किंवा जड वाहनं शिकवायची असतील तर दोन एकर. वर्गखोल्या, सिम्युलेटर, ट्रॅक, बायोमेट्रिक हजेरी हे सगळं हवं, शिकवणारा किमान बारावी पास आणि पाच वर्षं गाडी चालवलेला हवा. मान्यता पाच वर्षांची असते. इथे कोर्स पूर्ण करून तिथलीच परीक्षा पास झालात की मिळतो फॉर्म ५बी, आणि फक्त याच कागदावर आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ होते.

एका "बी"चा फरक आहे, पण सगळं त्यातच आहे.

आणि ५बी मिळाला तरी लायसन्स ते केंद्र देत नाही, हेही लोक विसरतात. लायसन्स आरटीओच देतं. लर्निंग आधी काढावंच लागतं, अर्ज करावाच लागतो, फी भरावीच लागते, माफ होते ती फक्त टेस्ट. कुणी तुम्हाला "आमच्याकडे या, लायसन्स आमचं आम्हीच छापतो" असं म्हणत असेल तर त्याला नियम माहीत नाहीत किंवा तो तुम्हाला फसवतोय, दोन्हीपैकी काहीही असलं तरी पैसे देऊ नका.

आता लोकांना वाटतं की ५बी म्हणजे शॉर्टकट, टेस्ट चुकवायची युक्ती. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण उलट आहे. ५बी चा हलक्या वाहनाचा कोर्स २९ तासांचा आहे, जास्तीत जास्त चार आठवड्यांत पूर्ण करायचा, त्यात ८ तास थिअरी आणि २१ तास प्रॅक्टिकल. थिअरीत रस्त्यावरचे शिष्टाचार, रागावर ताबा, अपघात का होतात, प्रथमोपचार, इंधन वाचवून गाडी कशी चालवायची. प्रॅक्टिकलमध्ये शहरातले रस्ते, गावाकडचे रस्ते, हायवे, रिव्हर्स आणि पार्किंग, चढ आणि उतार. टेस्ट माफ होते ती या तासांच्या बदल्यात, आणि परीक्षा तर तिथेही आहेच.

याच्या शेजारी नेहमीच्या स्कूलचे तास ठेवून बघा. नियम ३१ प्रमाणे खाजगी गाडीचा कोर्स किमान २१ दिवसांचा आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान १० तास हवेत. प्रत्यक्षात काय मिळतं? १५ दिवसांचं पॅकेज, रोज अर्धा तास, म्हणजे साडेसात तास, त्यातही एका गाडीत तिघं बसवलेली आणि पहिला सिग्नल येईपर्यंत आधीच्याची पाळी चालू. माझं असंच झालं होतं. ३६व्या वर्षी शिकले मी. पंधरा दिवसांत सगळं झालं, सर शेजारी बसून त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून असायचे, मला वाटायचं गाडी मीच थांबवतेय. फॉर्म १५ नावाचं एक रजिस्टर असतं, कुणी किती तास गाडी चालवली त्याचं, त्यात माझ्या सगळ्या सह्या शेवटच्या दिवशी एकदम घेतल्या. तेव्हा मला त्या सह्यांचं महत्त्वच कळलं नाही, मी करून टाकल्या. आरटीओची टेस्ट म्हणजे तेव्हा मैदानावर एक फेरी, पहिल्या फटक्यात पास. आणि मग एकटीने गाडी काढली त्या पहिल्या आठवड्यात चांदणी चौकाच्या चढावर ट्रॅफिकमध्ये थांबले आणि हाफ क्लचवर गाडी धरताच येईना, मागे मागे जायला लागली, मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला. हँडब्रेक ओढून मी रडले होते. ज्यांना चढ कधी शिकवलाच नाही त्यांना "बायकांना गाडी येत नाही" म्हणणाऱ्यांचा मला आजही प्रचंड संताप येतो. चूक तासांची होती.

म्हणून माझं मत ठाम आहे. तिशी-चाळिशीत पहिल्यांदा शिकणार असाल, घरात रोज शेजारी बसणारं कुणी नसेल, आणि जाता येईल इतक्या अंतरावर एडीटीसी असेल तर तिथेच जा, फी जास्त असली तरी. टेस्ट माफ होते म्हणून जाऊ नका, २१ तासांसाठी जा. पण सगळ्यांच्या जवळ असं केंद्र नसतं, एक एकर जागा गल्लीत कुठून येणार. तसं नसेल तर नेहमीच्या स्कूलमध्ये जा आणि १० तास मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. पहिल्याच दिवशी सांगा, सर, रोजच्या रोज वहीत वेळ लिहून सही करणार, चढ आणि रिव्हर्स शिकवल्याशिवाय शेवटची सही नाही. चांगले शिकवणारे सर खूप आहेत, असं विचारणारं कुणी भेटलं की त्यांनाही बरंच वाटतं. त्यातल्या एकदोघांनी मला नंतर गाडी खरी शिकवली, त्यांच्याबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे.

अजून एक गल्लत होते ती पुण्याकडे. नाशिक फाट्याजवळ आयडीटीआर म्हणजे ड्रायव्हिंग प्रशिक्षण आणि संशोधन संस्था आहे, तिच्या ट्रॅकवर चारचाकीची टेस्ट होते, तर लोक म्हणतात मी आयडीटीआरला टेस्ट दिली म्हणजे माझं ५बी झालं. नाही. तुम्ही तिथे आरटीओचीच टेस्ट दिलीत, फक्त ट्रॅक तिथला होता. ट्रॅकवर जाऊन टेस्ट देणं वेगळं आणि मान्यताप्राप्त केंद्राचा पूर्ण कोर्स करणं वेगळं.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. दोन्हीकडे गाडीला ड्युअल कंट्रोल असतो. दोन्हीकडे शिकताना लर्निंग लागतंच, पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल लागतो. सिम्युलेटरचं लोकांना फार कौतुक असतं, मला नाही, गियर कुठला कुठे आहे हे कळायला ठीक आहे पण शेजारून घासून जाणारी रिक्षा त्यात नसते.

घरच्याकडून शिकणाऱ्यांचा प्रश्नही येतो, की बाबांनी शिकवलं तर चालतं का. शिकता येतं, शेजारी बसणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं पक्कं लायसन्स हवं आणि गाडी थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. टेस्ट मात्र द्यावीच लागेल. आणि एकटं? लर्निंगवर एकट्याने गाडी काढणं बेकायदेशीर आहे, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा. योग्य लायसन्स नसताना गाडी चालवण्याचा दंड ५,००० रुपये आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

टेस्टची भीती वाटते म्हणून ५बी च्या मागे धावणाऱ्यांना एवढंच सांगते, नापास होणं म्हणजे काही जगबुडी नाही. सात दिवसांनी परत देता येते. तीनदा नापास झालात तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं.

वहिनींचं काय झालं ते सांगते. आम्ही दोघी त्या स्कूलमध्ये गेलो आणि काउंटरवर दोनच प्रश्न विचारले. कोर्सनंतर कागद कुठला देता, ५ की ५बी? आणि स्टिअरिंगवर एकूण किती तास? पहिल्याला बराच वेळ "मॅडम सरकारमान्यच आहे" असं उत्तर येत राहिलं, मग कळलं, फॉर्म ५. दुसऱ्याला उत्तर आलं, साडेसात. वहिनींनी तिथेच सांगितलं की टेस्ट मी देईन, पण तास १० करा आणि पाळी एकटीची द्या. थोडे पैसे वाढवून ते तयार झाले. हे दोन प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारले असते तर कदाचित वाढीव पैसेही वाचले असते.

आणि लर्निंगचे सहा महिने संपत आले, हात अजून बसला नाही, तर घाबरून टेस्टची तारीख घेऊ नका. लर्निंग परत काढता येतं, एका प्रकारच्या गाडीचे १५० रुपये आणि परीक्षेचे ५०.