दादरचे फलाट आणि 'टीटी'

दादरच्या पुलावर "एक नंबर कुठला?" असं विचारलं की उलट प्रश्न यायचा, "वेस्टर्नचा की सेंट्रलचा?" स्थानक एक, पूल सामाईक, पण फलाटांची मोजणी दोनदा सुरू व्हायची. मध्य मार्ग १८५३चा, पश्चिम मार्ग त्यानंतर अकरा वर्षांनी सुरू झालेला, दोन्ही वेगवेगळ्या खासगी कंपन्यांचे. १९५१मध्ये विभाग नव्याने आखले गेले, पण दादरच्या आकड्यांना कुणी हात लावला नाही.

९ डिसेंबर २०२३ला तो लावला गेला. पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले, मध्यचे आठ ते चौदा झाले. ऐकायला सरळ वाटतं. पण मध्यच्या जुन्या एकचा आठ झाला आणि जुन्या तीनचा नऊ. म्हणजे एकात सात मिळवायचे, बाकीच्यांत सहा! मधला दोन नंबर सप्टेंबरातच कायमचा बंद झाला होता, एक नंबर रुंद करण्यासाठी. दोन नंबरावरून सुटणाऱ्या लोकल परळला गेल्या. रुंदीकरण हवंच होतं. संध्याकाळी त्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसे. हळहळले ते दादरला रिकामी गाडी पकडून खिडकी मिळवणारे.

नव्या आकड्यांवर रोजचे प्रवासी कुरकुरले. त्यांचं एका अर्थी बरोबर होतं, कारण त्यांना आकडा लागतच नाही, ते जिना ओळखतात. आकडा लागतो बॅगा घेऊन लांबच्या गाडीला आलेल्याला. चुकीच्या एक नंबरावर उतरून पुन्हा पूल चढायची वेळ त्याच्यावर यायची. हा बदल त्याच्यासाठी होता, आणि खरं तर फार उशिरा झाला.

बाहेर बससाठी वेगळाच गोंधळ. पूर्वेच्या बसथांब्याला म्हणतात 'टीटी', म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला बोरीबंदरहून दादरला आली. ट्राम गेली, नाव उरलं. नवखा माणूस त्याचं 'ट्रेन टर्मिनस' करतो आणि स्थानकाच्या दारातच बस शोधतो. टीटी आहे पूर्वेला, खोदादाद सर्कलपाशी, थोडं चालून. पुण्याच्या बसगाड्याही तिकडच्याच. पश्चिमेच्या बससाठी फुलबाजारातून वाट काढत प्लाझा सिनेमा गाठायचा. तिथल्या थांब्याचं नाव वीर कोतवाल उद्यान, पण बोलताना सगळे प्लाझाच म्हणतात.

नव्या क्रमाचा बस पकडणाऱ्यांना एक फायदा झाला, बहुधा कुणाच्या मनात नसताना. आकडे आता पश्चिमेकडून पूर्वेकडे सलग चढतात. पुलावर लहान आकड्यांकडे चालत गेलं की प्लाझा, मोठ्यांकडे गेलं की टीटी.